आयोगाचं टक्केवारीचं अ‍ॅप आणि निकालाचं पान: २०२४च्या निवडणुकांवरून परीक्षण

निवडणूक आयोगाच्या निकालाच्या पानावर 'आघाडी'चा रकाना आधी झाकावा आणि फेरीचा आकडा बघावा. तिथे '४/२५', म्हणजे पंचवीसपैकी चारच फेऱ्या झालेल्या असतील तर अजून काहीच ठरलेलं नाही. विधानसभा मतदारसंघाची मोजणी साधारण १४ टेबलांवर होते, म्हणजे ३५० केंद्रांना २५ फेऱ्या. केंद्रं क्रमांकानुसार येतात, त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्यांत मतदारसंघाचा एखादाच कोपरा बोलतो. उमेदवाराचा गड त्या कोपऱ्यात असला की दहा वाजता गुलाल, दोन वाजता शुकशुकाट.

फेरीनिहाय पान ही या सेवेची सगळ्यात कामाची गोष्ट. मागील बेरीज, चालू फेरी आणि एकूण, तिन्ही समोर असतात. आकडे चढायला वेळ लागतो, कारण फेरीचा तक्ता निरीक्षकाने पडताळून त्यावर सह्या झाल्याशिवाय तो पुढे जात नाही. टीव्ही तोवर थांबत नाही. ८ ऑक्टोबर २०२४ला हरियाणाचे आकडे उशिरा चढत असल्याची तक्रार काँग्रेसने केली होती, आयोगाने ती फेटाळली. संथपणाने बेरीज बदलत नाही, पण अर्धवट कल बघून पक्षाचा मोजणी एजंट टेबल सोडून गेला तर नुकसान त्याच्याच पक्षाचं.

पानाला ५ पैकी ४. मतदानाच्या टक्केवारीच्या अ‍ॅपला मात्र अडीचच.

अ‍ॅपवर दर दोन तासांनी येणारे आकडे अंदाजी असतात, आणि त्यात टपाली मतं नसतात. महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ला संध्याकाळी पाचचा आकडा होता ५८.२२ टक्के, अंतिम ६६.०५. पाचनंतरही मतदानाचा तास शिल्लक असतो. शिवाय सहाला रांगेत असलेल्यांना शेवटच्या माणसापासून चिठ्ठ्या वाटतात आणि त्या सगळ्यांचं मतदान होईपर्यंत केंद्र बंद होत नाही. एवढ्याने या वाढीबद्दलची सगळी शंका मिटते असं नाही, कारण अ‍ॅप टक्के देतं, मतं देत नाही. केंद्रनिहाय मतं फॉर्म १७सीमध्ये असतात आणि त्याची प्रत पोलिंग एजंटला त्याच संध्याकाळी मिळते. मोजणीला ती सोबत नेऊन ईव्हीएमच्या कंट्रोल युनिटवरच्या (मतं साठवणाऱ्या भागावरच्या) एकूण मतांशी ताडून बघावी.

टक्का वाढला म्हणजे सत्ताधारी पडणार, हे गणित अ‍ॅपवरून मांडूच नये. मतदार यादीतून नावं कमी झाली तर एकही जादा माणूस मतदानाला न येता टक्का वाढतो.

निकालाच्या पानावर ईव्हीएम आणि टपाली मतं वेगळी दिसतात, हे चुरशीच्या लढतीत फार उपयोगी पडतं. २०२४च्या लोकसभेला वायव्य मुंबईत ईव्हीएमवर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं धरून रवींद्र वायकर ४८ मतांनी जिंकले.