गावातून कंपनीचं काम करायला केबलवाल्याचं फायबर कसं आहे? दारव्हा तालुक्यातला अनुभव

हे मी त्या पोरापोरींसाठी लिहून राहिलो ज्यांना गावात राहून कंपनीचं काम करायचं आहे. नुसतं यूट्यूब आणि मॅच पाहायची असेल तं आमच्याकडं कोणतंही कनेक्शन चालते, त्यासाठी रिव्ह्यू वाचायची गरज नाही. मी डेव्हलपर आहे, जावा बॅकएंडचं काम, कंपनी पुण्याची, क्लायंट अमेरिकेचा, आणि राहतो यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका लहान गावात, घरी आईबाबा आहेत, शेती आहे. कनेक्शन आमच्या भागातल्या केबलवाल्याचं आहे, जो आधी डिशचे चॅनल द्यायचा आणि आता त्याच खांबांवरून फायबर देतो. आधीच सांगतो, घ्या. पण घेण्याआधी त्याला एक प्रश्न नक्की विचारा, तो खाली लाईटच्या मुद्द्यात आहे.

फायबरच्या आधी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम चालायचं. स्पीड टेस्ट केली की डाउनलोड चांगलं दिसायचं, म्हणून घरचे म्हणायचे नेट तं आहे ना बाप्पा, मग काहून अडते. अडायचं अपलोडवर आणि लाइन हलण्यावर. कंपनीचा लॅपटॉप म्हणजे दिवसभर व्हीपीएन (कंपनीच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित रस्ता) चालू, नेट दोन सेकंद गेलं की व्हीपीएन तुटते, मग परत पासवर्ड, परत मोबाईलवर ओटीपी, आणि रिमोट डेस्कटॉपवर, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरची स्क्रीन उघडून, काम असेल तं टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटते. डेव्हलपरचं काम म्हणजे एका जागी बसून कोड लिहिणं असं लोकांना वाटते, पण कंपनीत अर्धा दिवस दुसऱ्याशी जोडलेलं राहण्यात जाते: सकाळचं स्टँडअप म्हणजे टीमची छोटी मीटिंग, जिरावरचे कामाचे तिकीट, कोणाचा पुल रिक्वेस्ट म्हणजे पाठवलेला कोड तपासा, कोणाला स्क्रीन शेअर करून बग दाखवा. स्प्रिंट म्हणजे कामाचा एक टप्पा, त्याच्या डेमोत आपली स्क्रीन गोठली की समोर मॅनेजर आणि क्लायंट दोघं गप्प बसून वाट पाहतात. तुमचा कोड कितीही चांगला असू द्या, त्यांच्या लक्षात तेवढंच राहते की याचं नेट चालत नाही, आणि मग हळूच विषय निघतो की तू ऑफिसला केव्हा येऊ शकतोस.

आता फायबर. जोडणीचं काम त्यानं चांगलं केलं हे मोकळ्या मनानं सांगतो. खांबावरून वायर ओढली, घरी येऊन स्प्लायसिंग मशिननं जोड दिला, टेप गुंडाळून मोकळा झाला नाही. ओएनयू म्हणजे ती भिंतीवरची पांढरी डबी, ती मी टिनाच्या खोलीत लावा म्हणत होतो कारण माझा टेबल तिथं आहे, तं तो म्हणाला, "भाऊ, मे महिन्यात तिथं डबी शिजते, मधल्या खोलीत लावू." बरोबर होतं त्याचं, बऱ्याच ओएनयू 40 अंशांपर्यंतच चालायच्या असतात आणि आपल्याकडं उन्हाळ्यात सावलीतही त्याच्या वर जाते. मग मधल्या खोलीत डबी आणि तिथून लॅनची वायर टेबलापर्यंत. वायफायवर कॉल करू नका, वायर घ्याच, लय फरक पडते.

एक गोष्ट प्रत्येकानं जोडणीच्या दिवशीच पाहून ठेवावी. ओएनयूच्या सेटिंगच्या पेजवर आरएक्स पॉवर म्हणून एक आकडा असते, म्हणजे फायबरमधून डबीपर्यंत किती उजेड पोचते त्याचं माप, डीबीएममध्ये, तो उणे असते. जीपॉन म्हणजे एक फायबर बऱ्याच घरांत वाटायची पद्धत, तिच्या साध्या ओएनयूला साधारण उणे 27 पर्यंतचा उजेड समजते, त्याच्या खाली गेला की लाइन येते-जाते करते. दर 3 डीबी कमी झाले म्हणजे उजेड अर्धा झाला. माझा सुरुवातीला उणे 26 च्या जवळ होता, चालत होतं पण काठावर, पावसात गेलंच असतं. त्याला आकडा दाखवला तं त्यानं खांबावरचा जोड नवीन करून दिला आणि आता उणे 21 आहे. आकडा दाखवून बोललं की हे लोक ऐकतात. नुसतं "नेट स्लो आहे" म्हटलं तं राऊटर बंद करून चालू करा म्हणतात.

प्लॅन 100 एमबीपीएसचा आहे आणि अपलोडही जवळपास तेवढंच मिळते, हे माझ्यासाठी सगळ्यात मोठं. सरकारी व्याख्येत 2023 पासून 2 एमबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड, आधी तं 512 केबीपीएसलाच ब्रॉडबँड म्हणायचे. त्या 2 मध्ये झूमचा एक कॉल निघूनही जाईल, पण त्याच वेळी मागं डॉकरची इमेज, म्हणजे कामाच्या सॉफ्टवेअरची मोठी फाईल, उतरून राहिली असेल तं मग काहीच निघत नाही. आता दोन्ही सोबत चालते, बिल्डच्या डिपेंडन्सी उतरतात, आणि आई मोबाईलवर मावशीसोबत व्हिडिओ कॉल करते तरी माझा कॉल हलत नाही.

संध्याकाळची गोष्ट वेगळी आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात सकाळचे 9 म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळचे 6:30 आणि हिवाळ्यात 7:30, म्हणजे क्लायंटचा कॉल तेव्हाच असते जेव्हा गावातले सगळे मोबाईल आणि टीव्ही चालू असतात. जीपॉनची एक लाइन 2.5 गिगाबिटच्या आसपास असते आणि ती स्प्लिटरमधून 32 नाहीतर 64 घरांत वाटली जाते. ते तेवढं वाईट नाही, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण ओढत नाहीत. अडचण त्याच्या वर असते, केबलवाला मोठ्या कंपनीकडून जी बँडविड्थ विकत घेतो तिथं. आयपीएलच्या दिवसांत रात्री 8 नंतर पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) वरखाली व्हायला लागला होता, आवाज तुटायचा. मी त्याला सकाळचे आणि रात्रीचे पिंगचे स्क्रीनशॉट पाठवत राहिलो, आणखी दोघाचौघांनी तक्रार केली, मग त्यानं वरून बँडविड्थ वाढवून घेतली. आता रात्रीही ठीक आहे, सकाळसारखं नाही पण कॉल होतो.

व्हीपीएनवाल्यांनी हे नीट वाचा, कारण हेल्पडेस्कवर याचं उत्तर लवकर मिळत नाही. नवीन कनेक्शनवर माझं सगळं उघडत होतं, मेल यायचे, चॅट चालायची, पण गिट पुश मारला, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवला, की तिथंच अडकून बसायचं आणि काही मोठे पेज अर्धेच उघडायचे. कंपनीच्या आयटीवाल्यांनी तिकीट घेतलं, दोनदा व्हीपीएन परत टाकायला लावलं, फरक नाही. कारण असं की हे कनेक्शन पीपीपीओईवर, म्हणजे युजरनेम-पासवर्डनं लॉगिन व्हायच्या पद्धतीवर, चालते, त्यात पॅकेटची (डेटाच्या एका तुकड्याची) कमाल साईझ 1500 बाइटऐवजी 1492 होते, आणि त्यावर व्हीपीएन आपलं वेष्टण चढवते, मग मोठं पॅकेट मधेच पडते आणि लहान पॅकेट जात राहतात, म्हणून नेट चालू दिसते. राऊटरमध्ये एमटीयू, म्हणजे तीच कमाल साईझ, 1400 करून टाकला आणि पुश सरळ गेला. केबलवाल्याच्या पोराला दाखवलं तं त्यानं लिहून घेतलं आणि पुढच्या गावात एक पोरगी बँकेच्या प्रोजेक्टवर काम करते, तिचंही तसंच अडकत होतं, तिचं त्यानं स्वतः जाऊन करून दिलं. असा माणूस भेटणं मोठी गोष्ट आहे.

लाइन तुटते. खोटं सांगणार नाही. वांदरं वायरला लोंबकळतात, सोयाबीनच्या दिवसांत उंच भरलेलं ट्रॅक्टर गल्लीतून गेलं की वायर ओढून नेते, आणि रस्त्याच्या कामाचा जेसीबी आला की विचारूच नका. ओएनयूवर एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल लाईट लागला म्हणजे घरात काही करू नका, सरळ फोन लावा. शहरात मोठ्या कंपन्यांचं कनेक्शन वापरलं आहे मी, तिथं तक्रार केली की नंबर मिळतो आणि माणूस केव्हा येईल ते कोणाला माहीत नसते. इथं फोन उचलते, "दादा, आज रात्री रिलीज आहे माझं," म्हटलं की त्याला रिलीज म्हणजे काय ते आता समजते, आणि अंधार पडला तरी तो शिडी घेऊन येतो. याच्यासाठी मी दुसरीकडं थोडं स्वस्त मिळालं तरी जाणार नाही.

आता लाईट. गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा आहे म्हणून दिवसा घरी लाईट बऱ्यापैकी राहते, पण जूनमधलं पहिलं वादळ आलं की तास-तास जाते. घरी इन्व्हर्टर आहे, त्याच्या मागं यूपीएसचं बटन असते ते चालू ठेवा, नाहीतर लाईट जाता क्षणी ओएनयू रिस्टार्ट होते आणि कॉल गेला. ओएनयूसाठी 12 व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तोही चांगला. पण हे सगळं करून नेट जातेच, कारण खांबावरच्या स्प्लिटरला लाईट लागत नाही, केबलवाल्याच्या ओएलटीला, म्हणजे सगळ्या घरांच्या लाइन जिथून निघतात त्या मशिनला, लागते, आणि आमची ओएलटी शेजारच्या गावात एका खोलीत आहे, तिथली बॅटरी जुनी झाली आहे. लाईट जाऊन दीड-दोन तास झाले की आख्ख्या भागाचं नेट बंद. माझी या सेवेबद्दल खरी तक्रार हीच आहे, आणि त्याला मी तोंडावर सांगितली आहे. म्हणून कनेक्शन घेण्याआधी विचारायचा प्रश्न हा: भाऊ, ओएलटीवर बॅकअप किती तासांचा आहे आणि बॅटरी केव्हाची आहे? तो सोलरचं बोलून राहिला आहे. झालं तं इथं लिहून टाकतो. तोपर्यंत प्रॉडक्शनची ऑन-कॉल ड्युटी (चालू सिस्टीम बिघडली की केव्हाही बसायची पाळी) असली की मी मोबाईलचा डेटा भरून ठेवतो, व्हीपीएन आणि चॅटपुरता तो निघतो, डेमोपुरता नाही.

पैसे महिन्याला जीएसटी धरून सहाशेच्या आसपास, सहा महिन्यांचे सोबत भरले तं थोडे कमी. स्टॅटिक आयपी वेगळे पैसे घेऊन देतो, बहुतेकांना लागत नाही कारण क्लायंटला कंपनीच्या व्हीपीएनचा आयपी दिसते, आपल्या घरचा नाही, तुमच्या टीमला विचारून मगच घ्या. आणि लाइन सध्या मोठ्या रस्त्यालगतच्या गावांतच आहे, आतल्या पोडांवर (कोलामांच्या वस्त्यांवर), तांड्यांवर अजून गेली नाही. तिकडच्या दोन पोरांनी मला विचारलं होतं, दोघंही शिकलेले, एकाच्या हातात तं ऑफर लेटर आहे. सात-आठ घरं मिळून नावं दिली तं तो खांब टाकायला तयार आहे, तिकडच्यांनी एकमेकांना विचारून त्याला सोबतच फोन लावा.