डोळे आले म्हणून गेलो, शंका फिटून आलो

सदाशिव पेठेतला, पहिल्या मजल्यावरचा छोटा डोळ्यांचा दवाखाना. लेकीचे डोळे आले होते. सकाळी पापण्या इतक्या चिकटल्या होत्या की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने दहा मिनिटं पुसून त्या उघडाव्या लागल्या. आदल्या दिवशी एका मेडिकलवाल्याने न विचारता स्टिरॉइडचे ड्रॉप्स दिले होते. डॉक्टरबाईंनी बाटली पाहिली आणि आधी ती बंद करायला सांगितली. तपासल्याशिवाय हे घालायचंच नाही, चुकीच्या संसर्गात बुबुळाला इजा होऊ शकते, असं म्हणाल्या.

मग यंत्रावर दोन्ही डोळे नीट तपासले. संसर्ग विषाणूचा, म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही. थंड पाण्याच्या पट्ट्या आणि साधे ल्युब्रिकंट ड्रॉप्स, बस्स. आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरं होतं, पण डोळा दुखला, उजेड सहन होईना किंवा अंधूक दिसलं तर लगेच या, हे दोनदा बजावलं. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीत साथ आली तेव्हा सगळे काळे चष्मे घालून फिरत होते. नुसतं बघून डोळे येत नाहीत, हात आणि टॉवेलमधून पसरतात, हे मला इथे कळलं. आजीचा टॉवेल त्याच संध्याकाळी वेगळा केला.

एकच तक्रार, दीड तास थांबावं लागलं, तेही डोळे आलेल्या इतर पेशंटांना चिकटून बसून. त्यांची वेगळी रांग हवीच. तरी मी पुन्हा इथेच जाईन.