निळ्या बाळाची ॲम्ब्युलन्स: ऑक्सिजन कमी करता येतो का, ते आधी बघा

जळगावहून हृदयाच्या ऑपरेशनसाठी तान्ही बाळं मुंबईला नेणाऱ्या एका खासगी ॲम्ब्युलन्सबद्दल हे लिहितोय. गाडी चांगली, स्टाफ त्याहून चांगला. शिरेतून औषध देणाऱ्या सिरिंज पंपाचं मात्र सुधारायलाच हवं.

सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे ब्लेंडर, म्हणजे ऑक्सिजनमध्ये हवा मिसळून त्याचं प्रमाण ठरवणारं यंत्र. नुसतं ऑक्सिजनचं सिलिंडर असलं की व्हेंटिलेटरवरच्या बाळाला बऱ्याचदा 100 टक्केच जातो. इथे मेडिकल एअरचंही सिलिंडर आहे, त्यामुळे 21 टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. एकच वेंट्रिकल (हृदयाचा रक्त ढकलणारा कप्पा) असलेल्या, डक्टच्या (महाधमनी आणि फुप्फुसाची धमनी जोडणारी, जन्मानंतर बंद होणारी नळी) भरवशावर असलेल्या बाळाचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, साधारण 75 ते 85 टक्के ठेवतात. मॉनिटरवर 80 दिसलं की घरचे घाबरून म्हणतात, "सिस्टर, ऑक्सिजन वाढवा ना." वाढवला की फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल होतात, रक्त तिकडेच धावतं, शरीराला कमी पडतं. आकडा 95, आणि बाळ राखट, हातपाय गार, लघवी बंद. इथल्या सिस्टर हे आईवडिलांना निघण्याआधीच समजावून सांगतात, हे फार मोलाचं.

डक्ट उघडी ठेवायला अल्प्रोस्टॅडिल हे औषध पंपाने सतत चालू असतं. 500 मायक्रोग्रॅमचा अँप्युल 50 मिलीत मिसळला, तर तीन किलोच्या बाळाला 0.05 मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट म्हणजे ताशी 0.9 मिली. औषध फुप्फुसातून जाताना लगेच निकामी होतं, म्हणून ड्रिप थांबून चालत नाही. दुसऱ्या शिरेत सुई तयार हवी; इथे असते. या औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देणारी पिशवी) आणि मास्क बाळाच्या उशाशीच ठेवतात. जादा अँप्युल बर्फाच्या डब्यात, 2 ते 8 अंशांत. जळगावच्या मे महिन्यात हे विसरून चालणारच नाही.

आता खटकणारं. पंप बाळाच्या पेटीच्या वरच्या फळीवर बसवलाय. तो बाळाच्या पातळीत हवा. उंचीवरून सिरिंज नीट बसली नसेल तर औषध एकदम ओघळतं. शिवाय पंप एकच, बॅटरी संपली तर पर्याय नाही. खिडकीचं ऊन पायाला लावलेल्या प्रोबवर (सॅच्युरेशन मोजणारा सेन्सर) पडून सॅच्युरेशन चुकीचं दिसतं, पाय फडक्याने झाका.

सिलिंडरचा हिशेब निघण्याआधी करा. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे 1500 लिटर, मिनिटाला 5 लिटरने पाच तास. मुंबई 400 किलोमीटरच्या पुढे, कसारा घाटात ट्रॅफिक अडकला तर त्याहून वेळ. लागेल त्याच्या दुप्पट साठा घ्यायला सांगा, एअरचाही.