‘ठरवून दिलेल्या भेटी’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

स्वतंत्र सल्लागाराला परिषदांना जावंच लागतं, आणि नेमक्या ह्या गरजेवर दुकान थाटून बसलेले लोक आहेत. मी ऊर्जा लेखापरीक्षक आहे, म्हणजे कारखान्यात वीज आणि इंधन कुठे वाया जातं ते मोजून सांगते. कोल्हापुरात राहते. माझी बरीचशी कामं शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांमध्ये, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत असतात. मुंबईत भरलेल्या एका तथाकथित राष्ट्रीय ऊर्जा परिषदेच्या नावाखाली माझ्याकडून लाखाच्या वर रक्कम घेतली गेली. पैशाचं दुःख आहेच. त्याहून वाईट म्हणजे माझं नाव पुढे करून माझ्याच एका जुन्या ग्राहकाला गाठलं गेलं. तक्रार चालू आहे, त्यामुळे आयोजकांचं नाव इथे देत नाही. पण त्यांची पद्धत सांगते, कारण नाव बदलून हीच मंडळी उद्या तुमच्याकडे येतील.

आमच्या क्षेत्रात काम ओळखीवर येतं. नोकरीत असताना पाठीमागे कंपनीचं नाव असतं, विक्रीची माणसं वेगळी असतात. एकटं काम सुरू केलं की हिशेब, प्रवास, मोजमाप, अहवाल आणि पुढचं काम शोधणं हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर. परिषदेचा खरा उपयोग मला चांगला माहीत आहे. इंडियन फाउंड्रीमेन संस्थेच्या कोल्हापूर शाखेतल्या व्याख्यानांना मी जाते. तिथे चहाच्या वेळी कुणीतरी विचारतं, ‘ताई, भट्टीचं झाकण उघडं राहिलं तर किती युनिट जातात हो?’ इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. त्यातले वीस-तीस युनिट वाचवून दाखवले की मालक शेजारच्या शेडमध्ये स्वतः सांगायला जातो. माझी निम्मी कामं अशा चहाच्या कपावर आलेली आहेत. म्हणूनच ‘मोठ्या खरेदीदारांशी थेट भेट’ हे शब्द ऐकले की माझ्यासारख्याचे कान टवकारतात, आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं.

फोन आला तो असा : ‘मॅडम, आमच्या निवड समितीने यंदाच्या उल्लेखनीय ऊर्जा सल्लागारांत तुमचं नाव घेतलंय.’ बोलणारी मुलगी अतिशय नम्र होती. माझ्या एका जुन्या व्याख्यानाचा विषयही तिला माहीत होता. मागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवर माहितीपत्रक आलं. विमानतळाजवळचं अंधेरीतलं चांगलं हॉटेल. वक्त्यांच्या यादीत मोठ्या उद्योगसमूहांचे ऊर्जा विभागप्रमुख, फोटोंसकट. मला ‘नॉलेज पार्टनर’ म्हणून दहा मिनिटांचं भाषण, एक पुरस्कार आणि खरेदीदारांशी ठरवून दिलेल्या पाच भेटी मिळणार होत्या. किंमत ८५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,००,३०० रुपये.

मी लगेच हो म्हटलं नाही. आधी आलेल्या दोघांचे नंबर मागितले. ते मिळाले. दोघांशी बोलले. दोघांनीही भरभरून सांगितलं, एकाने तर त्या परिषदेतून तीन कारखान्यांची कामं मिळाल्याचं सांगितलं. (पुढे कळलं की त्यातला एक जण स्वतःच ह्या ‘जागा’ दलालीवर विकतो. दुसऱ्याचा नंबर आता लागत नाही.) बँक खात्याचं नाव माहितीपत्रकावरच्या नावापेक्षा वेगळं होतं. विचारल्यावर उत्तर तयार होतं, ‘ती आमची इव्हेंटची कंपनी आहे, बिल त्याच नावाने येईल.’ बिल खरंच त्याच नावाने आलं. जीएसटी क्रमांकासकट, शिक्क्यासकट.

मग एक फॉर्म आला. योग्य खरेदीदाराशी जुळणी करायला तुमच्या कामाचं स्वरूप कळलं पाहिजे, तेव्हा पाच प्रमुख ग्राहकांची नावं, संपर्कातली व्यक्ती आणि मोबाइल नंबर भरा, असं त्यात होतं. मोठ्या कंपन्या विक्रेत्याच्या नोंदणीच्या वेळी जुन्या कामांचे संदर्भ मागतातच, त्यामुळे असा फॉर्म मी अनेकदा भरलेला आहे. ह्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महागडी गोष्ट हा फॉर्म ठरला. ती कशी, ते पुढे सांगते.

परिषदेच्या दिवशी भेटींच्या दालनात गोल टेबलं, प्रत्येकावर क्रमांक, आणि दर पंधरा मिनिटांनी वाजणारी घंटा. गळ्यातल्या पट्टीचे रंग दोन : निळी पट्टी सेवा देणाऱ्याची, हिरवी खरेदीदाराची. माझी निळी. पहिल्याच भेटीला समोर हिरव्या पट्टीचा एक तरुण येऊन बसला. मी लॅपटॉप उघडला. त्यानेही उघडला. मी भट्टीच्या लोड मॅनेजमेंटबद्दल बोलायला लागले, त्याने दोन मिनिटं सभ्यपणे ऐकलं आणि मग विचारलं, ‘मॅडम, तुमच्या ग्रुपच्या शेडवर एकूण किती चौरस फूट छप्पर आहे?’ तो छतावरच्या सौर पॅनेलची कामं घेणारा इंदूरचा माणूस होता. मी फाउंड्री समूहाची ऊर्जाप्रमुख आहे आणि यंदा माझ्याकडे सौरऊर्जेसाठी तरतूद आहे, असं त्याला सांगितलं होतं. त्याच्या वेळापत्रकात माझ्या नावापुढे तसं छापलेलंही होतं. त्याच्याकडूनही पैसे घेतलेले होते. हिरवी पट्टी का, असं त्याने दारात विचारलं तेव्हा ‘छपाईत चूक झाली, आत बदलून देतो’ असं उत्तर मिळालं होतं.

आम्ही दोघं काही क्षण एकमेकांकडे बघत राहिलो. नंतर मी उठून बाकीच्या टेबलांवर विचारत गेले. एक आयएसओ सल्लागार, एक अग्निसुरक्षेचं काम करणारे गृहस्थ, दोन सॉफ्टवेअरवाले, कामगार कायद्याच्या एक सल्लागार. त्या दालनात काही विकत घ्यायला आलेलं कुणीच नव्हतं. प्रत्येकाला समोरचा खरेदीदार म्हणून विकलेला होता. आयोजकांना खरा खरेदीदार आणायची गरजच पडली नाही, कारण प्रत्येक बळी दुसऱ्या बळीचं गिऱ्हाईक म्हणून वापरता येत होता. भाषणाच्या वेळी समोर बसलेले श्रोतेही तेच, आपापल्या दहा मिनिटांची वाट बघत.

पुरस्काराबद्दल बोलायलाच हवं. ऊर्जा दक्षता ब्यूरोतर्फे १४ डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनी, राष्ट्रीय पुरस्कार दिले जातात. १९९१ पासूनची ही प्रथा आहे. त्या अर्जात कारखान्याला उत्पादन किती, वीज किती, इंधन किती, बचत कशी केली, सगळं आकड्यांनिशी द्यावं लागतं. एका ग्राहकाचा असा अर्ज तयार करायला मी मदत केलेली आहे. मुंबईत मला ज्या पुरस्काराने गौरवलं, त्यासाठी एका युनिटचा आकडा कुणी विचारला नव्हता. ज्याला तुमचं काम तपासायचं नाही, त्याला तुमचा गौरवही करायचा नसतो. असा फोन आला की पहिला प्रश्न विचारा : माझ्या कोणत्या कामासाठी, आणि ते कुणी तपासलं?

माहितीपत्रकावरच्या ‘वक्त्यां’पैकी एकही आला नव्हता. त्यांच्यातल्या एकांना ओळखणारे गृहस्थ कोल्हापुरातच निघाले, त्यांच्यामार्फत मी फोन केला. त्यांना एक निमंत्रणाची मेल आली होती, तिला त्यांनी उत्तरसुद्धा दिलं नव्हतं. तेवढ्यावर त्यांचं नाव आणि फोटो छापला गेला. ही युक्ती जुनी आहे. संशोधनपत्रिका काढणाऱ्या आणि परिषदा भरवणाऱ्या हैदराबादच्या ओमिक्स समूहाविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ साली खटला भरला, तेव्हा त्यातला एक आरोप हाच होता : ज्यांनी येण्याचं कबूल केलेलं नाही अशा नामवंत संशोधकांची नावं परिषदांच्या जाहिरातीत वापरणं. २०१९ च्या मार्चमध्ये तिथल्या न्यायालयाने त्यांना पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. ती परिषद शास्त्रज्ञांची होती, आमची सल्लागारांची, एवढाच फरक.

आता फॉर्मची गोष्ट. मुंबईहून परतल्यावर काही आठवड्यांनी शिरोलीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांचा फोन आला. वयाने माझ्या वडिलांएवढे आहेत, मी नोकरी सोडली तेव्हा पहिलं काम त्यांनी दिलं होतं. म्हणाले, ‘ताई, तुम्ही सुचवलेल्या त्या पुरस्काराचे पंचवीस हजार पाठवलेत बरं का. बाकीचे कार्यक्रमाच्या दिवशी देतो म्हटलंय.’ मी काहीच सुचवलेलं नव्हतं. त्यांना फोनवर सांगितलं गेलं होतं की मी समितीवर आहे आणि लघुउद्योग गटात त्यांचं नाव मीच दिलंय. पुरावा म्हणून माझा पुरस्कार घेतानाचा फोटो पाठवलेला होता. ‘तुमचं नाव होतं म्हणून जास्त चौकशी केली नाही,’ असं ते म्हणाले तेव्हा मला बोलणं सुचेना.

त्या दिवशी मी फॉर्ममध्ये दिलेल्या पाचही जणांना फोन केले, मग बाकीच्या सगळ्या ग्राहकांनाही. आणखी दोघांना तोच फोन गेलेला होता, सुदैवाने त्यांनी पैसे भरले नव्हते. माझे लाख रुपये म्हणजे ह्या धंद्याची फक्त सुरुवात होती. खरा माल होता तो माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या माणसांची यादी आणि तो फोटो. लहान गावात, लहान उद्योगांत काम करणाऱ्या सल्लागाराकडे दुसरी पुंजी नसते. कुठल्याही आयोजकाला ग्राहकाचं नाव आणि मोबाइल नंबर देऊ नका. खऱ्या खरेदीदाराला संदर्भ हवा असेल तर तो त्याला थेट द्या, आणि त्याआधी ग्राहकाला फोन करून विचारा.

बिलाचं पितळ उघडं पडलं ते जीएसटीत. पुरवठादाराने बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलं की ते पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या आपल्या खरेदीच्या बिलांच्या यादीत दिसतं, आणि २०२२ पासून तिथे दिसल्याशिवाय भरलेल्या कराची वजावट घेता येत नाही. ते बिल आलंच नाही. माझ्या सीएंनी पोर्टलवर क्रमांक टाकला तर नोंदणी बिलाच्या तारखेच्या बरीच आधी रद्द झालेली. सरकारच्या नावाने माझ्याकडून घेतलेले १५,३०० रुपयेही त्यांच्याच खिशात गेले. सीएंनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती प्रत्येकाने लक्षात ठेवावी. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण क्रमांकातलं सहावं, धारक कोण ते सांगतं : ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी, ‘पी’ असेल तर एकटी व्यक्ती. माहितीपत्रकावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ होतं, बिलावरच्या क्रमांकात सहावं अक्षर ‘पी’. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या नावाची कंपनीच नव्हती. पोर्टलवर ‘करदाता शोधा’ ही सोय लॉगिन न करता वापरता येते. पैसे पाठवण्याआधी ती वापरा.

मी १९३० ह्या सायबर मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. मला उशीर झालेला असल्याने खात्यातली रक्कम केव्हाच पुढे गेली होती. आमच्या फाउंड्रीवाल्या काकांनी मात्र कळल्याच्या दिवशीच नोंदवली आणि त्यांच्या रकमेतला काही भाग गोठवला गेला, म्हणून घाई महत्त्वाची. पोलीस ठाण्यात सुरुवातीला ‘हा दिवाणी वाद आहे, कार्यक्रम तर झाला ना?’ असंच ऐकावं लागलं. छापील अटींत ‘भेटींसाठी शक्य तेवढे प्रयत्न केले जातील’ असं वाक्य होतं आणि वादाचं ठिकाण दिल्ली. वकिलांनी दोन गोष्टींवर भर दिला : इंदूरच्या सौरवाल्याला माझी खोटी ओळख छापून दिलेली होती, आणि बिलावरची नोंदणी रद्द झालेली होती. सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे ह्यावरून दिसतं, असं मांडल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली अर्ज घेतला गेला.

इंदूरचे ते आणि मी मिळून त्या दालनातल्या लोकांचे कागद जमवतो आहोत. बऱ्याच जणांना नाव बाहेर येईल ह्याचा संकोच वाटतो. पुरस्काराचा फोटो त्यांनी लिंक्डइनवर टाकलेला असतो, अभिनंदनं आलेली असतात. तरीही तक्रार करा. ज्याची त्याने वेगळी तक्रार केली तर ती दिवाणी वाद म्हणून बाजूला पडते. एकाच खात्यात गेलेल्या वीस जणांच्या रकमा एकत्र दाखवल्या की तपास अधिकारी वेगळ्या नजरेने बघतात. तुमच्याकडे असं बिल असेल तर तुमच्या नावाचं भेटींचं वेळापत्रक, गळ्यातली पट्टी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी निरोप पुसू नका. आणि आयोजकांना दिलेल्या फॉर्ममध्ये ज्यांची नावं होती, त्यांना आजच फोन करा.