परदेशात आपली मालिका, आपला सामना: चार मार्गांची तुलना

भारतात वर्षभराचे पैसे भरलेले असतात, तरी परदेशात ॲप उघडलं की 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' असा संदेश येतो. याचं मूळ हक्कांच्या व्यवहारात आहे. मालिका आणि क्रिकेटचे प्रसारण हक्क देशवार विकले जातात. २०२५ ची आयपीएल आपल्याकडे जिओहॉटस्टारवर दिसली, अमेरिकेत विलोवर, ब्रिटनमध्ये स्काय स्पोर्ट्सवर. तुम्ही कुठे आहात हे ॲप आयपी पत्त्यावरून, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून ओळखतं. युरोपीय संघात १ एप्रिल २०१८ पासून नियम आहे, की एका सदस्य देशात घेतलेलं सबस्क्रिप्शन दुसऱ्या सदस्य देशात तात्पुरतं गेल्यावरही चाललं पाहिजे. भारतातल्या सबस्क्रिप्शनला असं संरक्षण नाही, म्हणून सोय आपली आपणच करायची.

आठ-दहा दिवसांची सहल असेल तर निघण्याआधी घरच्या वायफायवर डाउनलोड करून घ्या, बाकी काही नको. फक्त मुदत तपासा: काही गोष्टी एकदा सुरू केल्या की ४८ तासांत संपवाव्या लागतात. नेटफ्लिक्सवर डाउनलोड केलेल्यांपैकीही काही दुसऱ्या देशात चालत नाहीत, तेव्हा त्या विमानातच पाहून टाकलेल्या बऱ्या.

थेट सामना डाउनलोड होत नाही. तिथे भारतीय सिम कामाला येतं, आणि हा मार्ग लोकांना फारसा माहीत नाही याची मला हळहळ वाटते. रोमिंगचा डेटा टॉवर परदेशातला वापरत असला तरी बहुधा आपल्या कंपनीच्या भारतातल्या नेटवर्कमधूनच इंटरनेटवर जातो, त्यामुळे ॲपला तुम्ही भारतातच दिसता. प्रवासासाठी विकत घेतलेल्या ई-सिमचं (कार्ड न घालता फोनमध्ये सुरू होणाऱ्या डिजिटल सिमचं) तसं नसतं. तो डेटा अनेकदा तिसऱ्याच देशातून बाहेर पडतो. रोमिंगची अडचण एकच, खर्च. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला १ जीबीपर्यंत डेटा लागतो, एचडीला ३ जीबीपर्यंत. अंतिम सामन्याची शेवटची षटकं पाहायला ठीक, रोजच्या मालिकेला परवडणारं नाही. तरीही ते सिम चालू ठेवाच, कारण लॉगिनचा ओटीपी त्याच नंबरवर येतो.

मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांसाठी मी ठामपणे तिथल्याच सबस्क्रिप्शनच्या बाजूने आहे. डॉलरमध्ये जास्त पैसे जातात हे खरं. पण टीव्हीवर रिमोटने लागतं, मध्येच बंद पडत नाही, आणि संध्याकाळी कुणाला कामावरून बोलवून 'हे चालू करून दे' म्हणावं लागत नाही. झी मराठीच्या मालिकांसाठी झी५ परदेशात स्वतंत्र योजना विकतं. मात्र आपल्या वाहिन्या विखुरलेल्या आहेत: स्टार प्रवाह जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. त्यामुळे तुमची मालिका त्या देशात कुठे दिसते हे आधी बघा, मगच पैसे भरा.

व्हीपीएन, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसरीकडच्या सर्व्हरमधून वळवून तुम्ही तिथेच आहात असं भासवणारी सेवा, मी शेवटी ठेवतो. २०२२ मध्ये सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपून ठेवायला सांगितलं, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. एक्सप्रेसव्हीपीएनने भारतीय आयपी पत्ता सिंगापूर किंवा ब्रिटनमधल्या यंत्रावरून द्यायला सुरुवात केली. एवढ्या वळशाने आलेला थेट सामना अडखळू शकतो. शिवाय व्हीपीएनचे पत्ते ओळखून ते अडवण्याचं काम ॲप सतत करत असतात, आणि देशाची अट चुकवणं बहुतेकांच्या नियमांत बसत नाही. आज चाललं म्हणून उद्या चालेलच असं नाही. फुकटच्या व्हीपीएनपासून तर दूरच राहा, कारण त्यातले बरेच तुमच्या माहितीवरच कमाई करतात. दुबई-अबुधाबीला जाणाऱ्यांनी विशेष जपावं. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कायद्यानुसार आयपी पत्ता लपवून गुन्हा केल्यास ५ लाख ते २० लाख दिरहम दंड आणि कैद होऊ शकते. व्हीपीएन वापरणं हाच तिथे गुन्हा नाही, पण एका मालिकेपायी या कलमाच्या जवळपासही जाऊ नये. हॉटेलच्या वायफायवर बँकेचं काम करताना व्हीपीएन जरूर वापरा, त्याचा खरा उपयोग तोच.

नुसत्या बातम्याच हव्या असतील तर यातलं काहीच लागत नाही. मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि मोफत दिसतात, आणि आकाशवाणीची मराठी केंद्रं न्यूजऑनएअर ॲपवर ऐकता येतात.