पुढच्या चाकांची ओढ गेली तर: आहे तोच एक्सल दुरुस्त करावा की जुना तयार एक्सल बसवावा?

द्राक्षबागेत बरीच वर्षे राबलेल्या मिनी ट्रॅक्टरचे फोर व्हील (मागच्यांबरोबर पुढच्या चाकांनाही इंजिनाची ओढ मिळणे) बंद पडले की मालकापुढे साधारण दोन मार्ग येतात. पुढचा एक्सल उघडून जो भाग गेला असेल तेवढाच नवा टाकणे हा पहिला, आणि भंगारात निघालेल्या ट्रॅक्टरचा अख्खा एक्सल आणून बसवणे हा दुसरा. टू व्हीलवरच भागवणे हा तिसरा मार्ग कोरडवाहू शेतात चालेलही. पण ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस होतो, काळ्या रानाला वाफसा येत नाही आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी मात्र उद्यावर ढकलता येत नाही, तेव्हा भरलेला ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरमागचे फवारणी यंत्र, ओढायला मागची दोन चाके पुरत नाहीत. मी माझ्या ट्रॅक्टरसाठी पहिला मार्ग घेतला, माझ्या चुलतभावाने दुसरा, आणि हंगामात दोन्ही ट्रॅक्टर माझ्या हाताखालून जातात.

निर्णयाआधी ओढ नेमकी कुठे तुटली आहे हे पाहणे आवश्यक आहे, कारण पुष्कळदा एक्सलचा काही दोषच नसतो. सपाट जागेवर मागच्या चाकांना उटी (चाक सरकू नये म्हणून अडण) लावावी, इंजिन बंद करून ट्रॅक्टर गिअरमध्ये ठेवावा, फोर व्हीलचा लिव्हर टाकावा आणि पुढचा भाग जॅकने उचलून भक्कम ठोकळ्यांवर टेकवावा. मग एक चाक हाताने फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले, तर गिअरबॉक्सकडून पुढच्या एक्सलकडे येणाऱ्या मधल्या शाफ्टपासून दोन्ही चाकांपर्यंतची जोडणी शाबूत आहे. एक चाक मोकळे गरगरते आणि दुसरे जागचे हलत नाही, असे दिसल्यास त्या मोकळ्या चाकाच्या बाजूचा बेव्हल गिअर (ओढ काटकोनात वळवणारा तिरप्या दातांचा गिअर) किंवा आतला शाफ्ट गेलेला असतो. दोन्ही चाके एकाच दिशेने सहज फिरतात आणि त्यांच्याबरोबर मधला शाफ्टही फिरतो, अशा वेळी एक्सलला हात लावू नये. शाफ्टवरचे कव्हर सरकवून मागच्या जॉइंटची पिन तुटली आहे का, खाचा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत का, की लिव्हर आतला गिअर पूर्ण सरकवतच नाही, हे आधी तपासावे. जोर आला की पुढून टक टक आवाज येणे हे दात घसरत असल्याचे लक्षण असून ते या हाताच्या तपासणीत दिसेलच असे नाही. म्हणून दोन्ही बाजूंचे थोडे ऑइल काढून बघावे. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरले आहे, आणि चमकणारी कीस म्हणजे गिअर खाल्ला जात आहे.

दोष एक्सलमध्येच निघाला, तर तयार एक्सलची बाजू पहिल्या नजरेत वरचढ वाटते, हे मान्य करायला हवे. तो लवकर बसतो, फवारणी खोळंबत नाही, आणि आमच्या भागात तरी तेव्हा तो स्वस्तही पडला. उलट दुरुस्तीसाठी बेव्हल गिअरची जोडी मागवावी लागते आणि तिची वाट पाहावी लागते. मिस्त्रीही सबुरीचा हवा, कारण नव्या गिअरमागच्या शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) मोजून बसवल्या नाहीत, तर जोडी एकतर घट्ट बसून तापते किंवा सैल राहून पुन्हा दात टाकते. माझ्या एक्सलमध्ये एका बाजूच्या गिअरच्या दातांची टोके उडालेली होती, आणि मूळ कारण होते चाकाजवळचे ऑइल सील. काड्या बांधायच्या सुतळीचे वेढे हबवर बसून सीलची कड कापली गेली होती. तेथून ऑइल गेले आणि चिखलाचे पाणी आत आले. सील बदलताना शाफ्टवरून नख फिरवून पाहावे. जुन्या सीलने पाडलेली खाच नखाला अडत असेल, तर नुसते नवे सील टाकूनही गळती थांबत नाही. तयार एक्सल आणला तरी त्याची सील जुनीच असतात, तेव्हा हे काम दोन्ही मार्गांत चुकत नाही.

परंतु माझा कौल ठरला तो लिव्हरमुळे. चुलतभावाचा ट्रॅक्टर बागेतून निघून पाण्याच्या टाकीजवळच्या कोब्यावर आला की फोर व्हीलचा लिव्हर निघतच नाही. ब्लोअर भरायला येणाऱ्या प्रत्येक खेपेला ट्रॅक्टर थोडा मागे घ्यावा लागतो, स्टिअरिंग इकडेतिकडे करावे लागते, तेव्हा कुठे लिव्हर सुटतो. पुढच्या टायरच्या नक्ष्याही मला माझ्या टायरपेक्षा फार लवकर घासलेल्या दिसल्या. मिनी ट्रॅक्टरमध्ये पुढच्या व मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतो आणि पुढची चाके मागच्यांपेक्षा साधारण 1 ते 5 टक्के जास्त अंतर कापतील अशीच गिअरची रचना असते. मऊ मातीत हा फरक घसरणीत जिरतो, कठीण जमिनीवर तो शाफ्टमध्ये पीळ बनून साठतो. बाहेरून सारखा दिसणारा पण दुसऱ्या मॉडेलचा एक्सल आला की हे प्रमाण बिघडते. कुबोटा बी2741 ला मागे 8.3-20 टायर येतो आणि महिंद्रा जिवो 245 ला 8.3-24; एवढ्यानेच पुढच्या एक्सलचे गणित बदलते.

हे प्रमाण घरीही तपासता येते. सर्व टायरमध्ये नेहमीची हवा भरून, घट्ट मातीवर मागचे चाक 10 फेरे फिरेपर्यंत ट्रॅक्टर सरळ न्यावा आणि पुढच्या चाकाचे फेरे मोजावेत, एकदा फोर व्हील बंद ठेवून आणि एकदा चालू करून. बंद असताना 15 आणि चालू असताना साडेपंधरा भरले, तर फरक 3 टक्क्यांच्या थोडा वर आहे आणि सारे ठीक आहे. मागे नवे आणि पुढे झिजलेले टायर असले तर हा फरक इतका घटू शकतो की सगळे गिअर चांगले असूनही पुढची चाके ओढत नाहीत; तेव्हा खर्च टायरवर करायचा, एक्सलवर नाही.

इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो, आणि एक्सलचे हाउसिंगच तडकले असेल, तर मी स्वतःही तयार एक्सलच पाहीन. मात्र तो त्याच मॉडेलचा हवा, आणि पैसे देण्यापूर्वी दोन्ही हब एकत्र एक पूर्ण फेरा फिरवून पिनियन (मधल्या शाफ्टकडून ओढ घेणारा एक्सलचा छोटा गिअर) किती वेळा फिरते ते मोजावे व तेच आपल्या जुन्या एक्सलवर करून पाहावे. आकडे जुळले नाहीत, तर तो एक्सल कितीही स्वस्त मिळत असला तरी तेथेच ठेवावा आणि बेव्हल गिअरची ऑर्डर द्यावी.