उपनगरातल्या सुट्टीतला कॅरम आज घ्यायचा असेल तर: २९ इंची, १२ मिलिमीटर बोर्डाचं परीक्षण

डोंबिवली, ठाणे, मुलुंड, बदलापूर. इथल्या तीन-चार मजली बिल्डिंगांमध्ये मे महिना म्हणजे सामायिक गॅलरीत मांडलेला कॅरम, चार खेळणारे आणि त्यांच्या खांद्यांवरून डोकावणारे आठ-दहा जण. ऐंशी-नव्वदच्या दशकात इथे लहानाचे मोठे झालेले लोक आता आपल्या मुलांसाठी कॅरम घ्यायला निघतात आणि बहुतेकदा कार्टूनचं चित्र छापलेला, काखेत मावणारा छोटा बोर्ड घेऊन घरी येतात. पंधरा दिवसांत तो खाटेखाली जातो. मग दोष मोबाइलला दिला जातो. खरं कारण बोर्डातच असतं: त्यावर स्ट्रायकर धावत नाही, सोंगट्या मध्येच थांबतात आणि नेम धरून खेळण्यात अर्थ उरत नाही. गॅलरीतला तो खेळ घरात परत हवा असेल तर फुल साइज बोर्डाला पर्याय नाही. त्यातही घरासाठी १२ मिलिमीटर प्लायचा बोर्ड सर्वांत योग्य, हे माझं स्पष्ट मत आहे.

आधी मापाचा गोंधळ. २९ इंच हे माप चौकटीच्या आतलं, म्हणजे खेळायच्या जागेचं. स्पर्धेच्या नियमांत ते ७३.५ ते ७४ सेंटिमीटर आहे. चौकट प्रत्येक बाजूला साधारण ३ इंच धरली तर बाहेरून बोर्ड ३५ इंच भरतो. लहान बोर्डांवर मात्र बरेचदा बाहेरचं माप लिहिलेलं असतं. ‘२६ इंची’ म्हणून घेतलेल्या बोर्डात खेळायला जेमतेम २०-२१ इंच मिळतात. टेप खिशात घालून जा आणि आतून मोजा. छोट्या बोर्डावर पॉकेट आणि सोंगट्या मोठ्याच ठेवल्या, तर अंतर इतकं कमी होतं की काहीही मारलं तरी सोंगटी जाते. कट मारायचा हात त्यावर बसत नाही. सोंगट्याही लहान केल्या, तर पुढे मोठ्या बोर्डावर नेम पुन्हा शून्यापासून शिकावा लागतो.

जागेची भीती अनाठायी आहे. ३५ इंचांचा बोर्ड आणि चारही बाजूंना बसायला दोन-दोन फूट धरले तर सात फूट बाय सात फूट पुरतात. डोंबिवलीतल्या वन रूम किचनच्या हॉलमध्येही टीपॉय सरकवला की एवढी जागा निघते.

आता जाडी. ४ मिलिमीटरचा प्लाय वर्षभरात मधोमध बसतो आणि सगळ्या सोंगट्या हळूहळू मध्याकडे ओढल्यासारख्या जातात. तो घेऊ नये. नियमाप्रमाणे किमान ८ मिलिमीटर हवा आणि घरात आठवड्यातून एकदा खेळणाऱ्यांना तो चालतो. १२ मिलिमीटरचा जास्त वर्षं सपाट राहतो, फटका बसला की थरथरत नाही आणि वजन पंधरा किलोच्या आसपास राहतं, म्हणजे मोठा माणूस एकट्याने उचलू शकतो. त्यापुढचे १६, २० आणि त्याहून जाड बोर्ड क्लबसाठी उत्तम, कारण तिथे ते स्टँडवरून हलवायचेच नसतात. घरात वजनाचं महत्त्व फार मोठं आहे. जो बोर्ड काढायला दोन माणसं लागतात तो दिवाळीशिवाय निघत नाही. जुन्या बिल्डिंगांत कॅरम पहिल्या मजल्यावरून गच्चीवर, गच्चीवरून शेजारच्या काकूंच्या हॉलमध्ये फिरायचा तो उचलता येत होता म्हणूनच.

जाडी ठरली की बोर्ड उलटा करून बघा. मागे आडव्या-उभ्या पट्ट्या हव्यात आणि त्या स्क्रूने घट्ट बसवलेल्या हव्यात. मग वरून बोटाच्या पेराने मध्यभागी, कडेला आणि चारही कोपऱ्यांत ठोकून आवाज ऐका. एखाद्या ठिकाणी पोकळ किंवा खुळखुळता आवाज आला तर प्लायचे थर तिथे चिकटलेले नाहीत. तो भाग पहिल्या पावसात फुगतो.

सपाटी तपासायला दोरा पुरतो. एका पॉकेटपासून समोरच्या तिरप्या पॉकेटपर्यंत दोरा पृष्ठभागाला टेकवून ताणून धरा आणि डोळा बोर्डाच्या पातळीला आणून बघा. दोऱ्याखालून उजेड दिसला तर मध्ये खळगा आहे. दोरा मध्ये टेकून टोकांना उचलला जात असेल तर फुगवटा आहे. दोन्ही कर्णांवर हे करायचं.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा मात्र फटक्याची. बोर्डावर चिमूटभर पावडर पसरून, सोंगट्या न ठेवता, बेसलाइनवरून, म्हणजे स्ट्रायकर ठेवायच्या दोन रेषांवरून, १५ ग्रॅमचा स्ट्रायकर समोरच्या चौकटीवर सरळ आणि पूर्ण जोराने मारा. चांगल्या बोर्डावर तो किमान साडेतीन वेळा आरपार जातो. दोन फेऱ्यांत थांबला तर पॉलिश खरखरीत आहे किंवा चौकट मऊ लाकडाची आहे. दुकानदार मारून बघू देत नसेल तर दुसरं दुकान गाठा.

चौकटीकडे लोक फक्त रंग म्हणून बघतात, पण रिबाउंड तिथेच ठरतो. शिसवी किंवा बाभळीसारखं टणक लाकूड घ्या. पाइनसारख्या मऊ लाकडावर, जिथे स्ट्रायकर सर्वांत जास्त आदळतो त्या मधल्या भागात, काही महिन्यांत खाचा पडतात आणि तिथून परतणारा फटका मेल्यासारखा येतो. चौकट पृष्ठभागापासून १.९ ते २.५४ सेंटिमीटर उंच हवी. त्यापेक्षा बुटकी असेल तर जोराच्या फटक्यात सोंगट्या बाहेर उडतात. चौकट आणि प्लाय यांच्यामध्ये पोस्टकार्डाची कड शिरत असेल तर तो नग नाकारा. त्या फटीत पावडर भरते आणि कडेला लागलेली सोंगटी तिथेच अडकते. पॉकेटचा व्यास ४.४५ सेंटिमीटर हवा. त्याची आतली कड बोटाने फिरवून बघा. कापताना प्लायचे धागे निघालेले असतील तर पॉकेटच्या तोंडाशी आलेली सोंगटी हमखास अडते.

सगळे पैसे बोर्डातच घालू नका. बोर्डासोबत फुकट मिळणाऱ्या सोंगट्या आणि स्ट्रायकर बहुतेकदा टाकाऊ असतात. सोंगटी लाकडीच घ्यावी: व्यास ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटर, जाडी ७ ते ९ मिलिमीटर, वजन ५ ते ५.५ ग्रॅम. नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या आणि राणी एकावर एक रचून मनोऱ्याच्या बाजूवरून बोट फिरवलं की लहान-मोठी लगेच हाताला कळते. प्लॅस्टिकच्या सोंगट्या हलक्या असतात. फटका बसला की त्या घसरण्याऐवजी उडतात. जुन्या लाकडी सोंगट्या मात्र कालांतराने अंडाकृती होतात, कारण लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ आक्रसत नाही, आडवं मात्र आक्रसतं. काचेवर कडेने घरंगळवून बघा. डुगडुगत गेली तर ती बदलायची. स्ट्रायकर ४.१३ सेंटिमीटरपेक्षा मोठा आणि १५ ग्रॅमपेक्षा जड नसावा. त्याच्या कडेला टवका उडाला की तो ताबडतोब बाद करा, नाहीतर पॉलिशवर ओरखडे पडतात आणि ते कधीच जात नाहीत.

पावडर फक्त बोरिक. संपली म्हणून टाल्कम पावडर किंवा मैदा टाकायची युक्ती प्रत्येक बिल्डिंगमध्ये चालायची आणि अनेक बोर्ड तिनेच खराब झाले. मैदा दमट हवेत चिकटतो आणि त्याला किडे येतात. टाल्कममधल्या सुगंधी द्रव्यांचा चिकट थर बसतो. बोरिकही अर्ध्या चमच्यापेक्षा जास्त नको. जास्त पडली की सोंगट्यांच्या तळाला तिच्या गुठळ्या चिकटतात आणि वेग वाढण्याऐवजी कमी होतो. पावसाळ्यात गोळे झाले तर मलमलच्या कपड्यातून चाळून घ्या. ही पावडर पोटात जाणं घातक आहे. डबा लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका आणि खेळता खेळता भेळ-वडा खायची सवय असेल तर आधी हात धुवा.

पावसाळा हा आपल्या पट्ट्यात कॅरमचा खरा शत्रू, आणि त्यामागचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. बोर्डाच्या वरच्या बाजूला पॉलिशचे अनेक थर असतात, मागची बाजू बहुतेकदा कोरी. जूनपासून मागची बाजू ओल शोषून फुगते, वरची तशीच राहते, म्हणून बोर्ड मागच्या बाजूला फुगतो आणि वर खळगा तयार होतो. उपाय सोपा आहे. नवा बोर्ड घरी आणल्यावर, पाऊस सुरू होण्याआधी, मागच्या बाजूला आणि पॉकेटच्या कापलेल्या कडांना व्हार्निशचे दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा द्यायचा. एवढ्याने बोर्डाचं आयुष्य कित्येक वर्षांनी वाढतं, तरी हे जवळजवळ कुणी करत नाही.

ठेवताना भिंतीला तिरका टेकवून महिनोन्‌महिने ठेवू नका, स्वतःच्या वजनाने तो वाकतो. दोन मजबूत हुकांवर चौकटीने सरळ उभा टांगा, तोही बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर नको. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला तर आत दमट हवा कोंडून बुरशी येते. जुनी सुती चादर सर्वांत चांगली. पुसताना कोरडं मऊ फडकं घ्या. डाग काढायला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, कारण जुन्या बोर्डांवरचं लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळतं.

बसण्याची उंची स्पर्धेत ६३ ते ७० सेंटिमीटरचा स्टँड आणि ४० ते ५० सेंटिमीटरचं स्टूल अशी असते. घरी जमिनीवर पाट ठेवून खेळायला काहीच हरकत नाही. फक्त एकाच प्लॅस्टिकच्या स्टुलावर बोर्ड ठेवू नका, कोपऱ्यावर हात टेकला की तो कलतो. चौकटीच्या चारही बाजूंना आधार हवा. पातळी मोबाइलवरच्या लेव्हलने बघून खाली पुठ्ठ्याची घडी सारा. दिवा बोर्डाच्या बरोबर मध्यावर, शेड लावून, डोळ्यांत उजेड येणार नाही इतका खाली घ्या. बाजूच्या भिंतीवरच्या ट्यूबलाइटने एका चौकटीची सावली बोर्डावर पडते आणि तिथली सोंगटी अंदाजाने मारावी लागते.

नियमांवरून घरात भांडण होणार हे गृहीत धरा. स्पर्धेचे नियम, म्हणजे १९८८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कॅरम फेडरेशनचे, सांगतात: गेम २५ गुणांचा किंवा आठ बोर्डांचा (इथे बोर्ड म्हणजे सोंगट्या मांडून खेळलेला एक डाव), आणि राणी ३ गुणांची, तीही २१ गुणांपर्यंतच. गॅलरीतला हिशोब वेगळा होता: काळी १०, पांढरी २०, राणी ५०, एकूण ३२०. लहान मुलांना सुरुवात करून द्यायला हा दुसरा हिशोब जास्त चांगला. प्रत्येक जण कुठलीही सोंगटी मारू शकतो, त्यामुळे नवशिक्याच्या पदरातही काही ना काही पडतं आणि बेरीजही पक्की होते. हात बसला की मग काळी-पांढरी वाटून खेळावं.

आई-वडिलांच्या घरी पोटमाळ्यावर जुना बोर्ड पडून असेल तर नवा घेण्याआधी तो उतरवा. दोऱ्याची परीक्षा आणि ठोकून बघण्याची परीक्षा त्यात पास झाली, तर त्यातलं लाकूड आजच्या मध्यम दर्जाच्या बोर्डापेक्षा बरेचदा सरस निघतं. प्लायचे थर सुटले असतील किंवा वाळवी लागली असेल तर नाद सोडा. कोपऱ्यांचे सांधे उघडले असतील तर जुनी पावडर ब्रशने काढून, फेव्हिकॉल भरून, दोरीने चौफेर आवळून एक दिवस ठेवतात आणि मग स्क्रू मारतात. जाळ्यांचा दोरा कुजलेला असतो. नव्या जाळ्या अशा हव्यात की प्रत्येकीत किमान दहा सोंगट्या मावतील. पॉलिश मात्र घरी घासू नका. रेषा पॉलिशच्या थराखालीच असतात आणि काचकागद फिरवला की त्याही पुसल्या जातात. सुताराकडे देताना मापं लिहून द्या: बेसलाइनची लांबी ४७ सेंटिमीटर, चौकटीपासून अंतर १०.१५, दोन रेषांमध्ये ३.१८, टोकाचं वर्तुळ ३.१८ आणि त्यात २.५४ चा लाल ठिपका, मधलं लाल वर्तुळ ३.१८, बाहेरचं १७. बाण पॉकेटच्या कडेपासून ५ सेंटिमीटर अलीकडे थांबवायचे.